छातीत धडधडतं ते टेन्शनने की उन्हाने?

"ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेताय, समुपदेशकाला भेटा." एप्रिल-मे महिन्यांत माझ्याकडे येणारे बांधकाम मजूर बरेचदा हे ऐकून आलेले असतात. बोलता बोलता मग खरी काळजी बाहेर येते: मी मनाने कमजोर झालो का? एका माणसाच्या निमित्ताने त्याचं उत्तर सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्याला दत्ता म्हणू.

दत्ता नांदेडकडचा, पस्तिशीतला, स्टील फिटर. पुण्याजवळ वाघोलीच्या बाजूला एका टॉवरच्या साइटवर सळई बांधायचा. बायको तिथेच बिगारी, राहायला साइटमागच्या पत्र्याच्या खोल्या. स्लॅबवर वाकून काम करताना अचानक छाती धडधडायची, हातपाय थरथरायचे, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी यायची. दोनदा तो मटकन खाली बसला. दुसऱ्यांदा बसला तेव्हा जोडीदार हसले.

"म्याडम, इतकी वर्षं उंचीवर काम केलं, कधी भ्या वाटलं न्हाई. आता शिडी बघितली की पोटात गोळा येतो. डोक्यात काही बिघडलंय का माझ्या?"

बायको म्हणाली, "गावाकडचे म्हणत्यात, बाहेरचं बघून घ्या."

धडधड, थरथर, घाम, चक्कर ही लक्षणं भीतीच्या झटक्याचीही असतात. घाईत असलेला समुपदेशक श्वासाचा व्यायाम शिकवून मोकळा होईल. पण ज्याचं काम उघड्यावर आहे, त्याच्या बाबतीत माझे पहिले प्रश्न अगदीच रुक्ष असतात. किती वाजता होतं? कुठे? त्याआधी किती वेळ काम झालेलं असतं? पाणी किती पिता, लघवीचा रंग कसा असतो? शेवटच्या प्रश्नाला दत्ता लाजला. मग म्हणाला, गडद पिवळी, जळजळही होते. उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी घेतोय. झटके दुपारी बारा ते चारमध्ये, स्लॅबवरच, दोन-तीन तास काम झाल्यावर यायचे. सावलीत पडून राहिलं की हळूहळू ओसरायचे, पण डोकं संध्याकाळपर्यंत ठणकायचं.

मधे गावी गेला होतात का, विचारलं. गेला होता. वडिलांचं ऑपरेशन होतं, तीन आठवडे दवाखान्यात बसून काढले. उचल फेडायची होती, म्हणून परत आल्या दिवसापासून पूर्ण हजेरी.

इथेच गोम होती. "आम्ही मराठवाड्याची माणसं, पुण्याचं ऊन आम्हाला काय करणार?" असं दत्ताही म्हणाला, त्याचा मुकादमही म्हणतो. पण उन्हाची सवय गावाच्या नावावर मिळत नाही. रोज उन्हात राबल्याने आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर ती कमावतं: घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण कमी होतो. काही आठवडे उन्हातलं काम सुटलं की ती सवयही सुटते. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच काम द्यावं आणि रोज २० टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा व्यावसायिक आरोग्याचा नियम आहे. जुना माणूस सुट्टीवरून आला तर पहिल्या दिवशी ५०, मग ६०, मग ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. कामावर उन्हाने दगावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतलेच फार असतात. तो नियम मी दत्ताला कागदावर मांडून दाखवला. बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाला, "म्हंजे मी भेकड न्हाई."

वर्तमानपत्रातला आकडाही फसवा असतो. 'शिवाजीनगर ३९ अंश' हे वेधशाळेतल्या सावलीच्या पेटीतलं तापमान. तापलेली सळई हातात धरणाऱ्याचा त्या पेटीशी काय संबंध? रात्री पत्राही निवत नाही. झोप अर्धवट, सकाळी शरीर कालचाच थकवा घेऊन उठतं. दत्ता झोपेसाठी मेडिकलमधून सर्दीची गोळी घेत होता. अशा काही गोळ्यांनी घाम कमी येतो. मनाच्या आजारावरच्याही काही गोळ्यांनी तसं होतं, पण त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगायचं. दत्ताला मी परत डॉक्टरांकडे पाठवलं, चिठ्ठीत कामाचे तास आणि जागा लिहून.

मग मनाचं काहीच नव्हतं? होतं. पहिला झटका उन्हाचा, पण त्यानंतर 'परत होईल' ही भीती बसली होती. शिडी बघून गोळा येणं त्या भीतीचं, आणि त्यावर आम्ही कामही केलं. फक्त एक अट पक्की ठेवली: स्लॅबवर असताना उन्हाचा की भीतीचा, हा हिशोब करायचा नाही. ऊनच समजायचं, सावलीत यायचं, अंग ओलं करायचं. जोडीदारालाही सांगून ठेवायचं, कारण ऊन डोक्यात गेलेल्याला स्वतःचं भान राहत नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर अंगावर भरपूर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ला फोन करायचा. अशा वेळी तोंडात पाणी घालायचं नाही, ठसका लागतो. खिशातल्या कांद्याला माझा विरोध नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

सगळ्यात अवघड होतं मुकादमाशी बोलणं. तो लांबचा नातेवाईक, त्यात उचल त्याचीच. "आराम पाहिजे म्हणलं तर खाडा मांडंल." आम्ही बसून वाक्य घडवलं: "मामा, काम टाळत न्हाई. सकाळी सहाला लागतो, दुपारी कटिंगला टाका, चारनंतर परत स्लॅबवर जातो." हे वाक्य त्याने माझ्यासमोर कितीदा तरी म्हटलं, कारण पहिल्या दोन शब्दांनंतर मान खाली जायची.

मामाने अर्धंच ऐकलं. दुपारचं सळई कापायचं, वाकवायचं काम पत्र्याखाली मिळालं. सकाळी सहाला मात्र नाही, शेजारच्या सोसायटीने आवाजाची तक्रार केली होती. (ही तक्रार करणाऱ्यांतले काही जण उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी गॅलरीत पाणी ठेवतात. पक्ष्यांना ठेवावंच.) एका दिवसाची अर्धी हजेरी कापली गेली, तीही परत मिळाली नाही. झटके थांबले. शिडीची भीती महिनाभराने गेली.

तिसऱ्या भेटीत मी दत्ताला दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पिण्याबद्दल परत सांगत होते. बायको एकदम म्हणाली, "ताई, मी तर दुपारपर्यंत पाणीच पीत न्हाई. पिऊन जायचं कुठं?"

पिण्याचं पाणी आणि संडास-मुतारी देणं मालकावर बंधनकारक आहे, बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला तेव्हापासून. त्यांच्या साइटवर बायकांसाठी काहीच नव्हतं. यावर श्वासाचा व्यायाम नसतो. तिला मी पुढच्या वेळी एकटीला यायला सांगितलं, आणि साइटवरच्या आणखी दोघी-तिघी तयार असतील तर त्यांनाही घेऊन. सुपरवायझरकडे जायचं तर एकटीने जाऊ नये.