शहापूरचं दीड एकराचं मैदान : भिंतीआधी दारं मोजा

ताई, आधी एक सांगा. त्या मैदानाचा उतारा कुणी काढलाय का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. बेळगावच्या शहापुरात तुमच्या गल्लीमागे साधारण दीड एकराचं मैदान आहे. एका अंगाला नाला, दोन अंगांना विणकरांची मागाची घरं, चौथ्या अंगाला शाळेची भिंत. आता "मैदान आणि भोवतालचा पुनर्विकास" असं काम निघालंय. सल्लागारानं पडद्यावर कारंजं, फूड कोर्ट, चालायचा ट्रॅक आणि चहूबाजूंनी आठ फुटी भिंत दाखवली, आणि आठवड्यात गल्लीचं म्हणणं लेखी मागितलं. पंच मंडळींत दोन तट पडलेत. एक म्हणतो पैसा आलाय तर घेऊन टाका, दुसरा म्हणतो काहीच नको. तुम्ही विचारताय, काय लिहून द्यावं.

माझी एकतीस वर्षं मोजणी आणि लेआउटच्या कामात गेली. रंगीत चित्रं मीही पुष्कळ काढली आहेत, तेव्हा त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला विचारा! चित्रातली झाडं पहिल्या दिवसापासून चाळीस फुटी असतात, आणि चित्रात कधी पाऊस पडत नाही.

तर उतारा. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा, मोजणीचा नकाशा काढा, आणि मास्टर प्लॅनमध्ये त्या जागेवर कुठला रंग आहे, म्हणजे कुठला वापर ठरवलाय, ते बुडात जाऊन बघा. तुमचं शहापूर सांगली संस्थानात होतं. 1948 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, 1956 ला हा भाग म्हैसूर राज्यात आला. एका जागेवरून तीन राज्यांची दप्तरं फिरलीत. संस्थानी काळातली नोंद मोडीत असू शकते, तेव्हा मोडी वाचणारा एक म्हातारा गाठून ठेवा. लोक वर्षानुवर्षं "सार्वजनिक मैदान" म्हणत असतात आणि कार्डावर अर्धी जागा भलत्याच खात्याच्या नावावर निघते, हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय. एका ठिकाणी तर निविदा निघून खडी पडल्यावर ते कळलं. खडी अजून तिथेच आहे.

कार्डावर उद्यान, क्रीडांगण किंवा खुली जागा असं काही असेल तर तुमचा पाया भक्कम. कर्नाटकात 1985 चा उद्यानं, क्रीडांगणं आणि खुल्या जागा जपण्याचा कायदा आहे. मास्टर प्लॅनमधला वापर बदलायचा तर 1961 च्या नगररचना कायद्याखाली जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, परस्पर होत नाही. आणि बंगळूरच्या सदाशिवनगरातली गोष्ट तुमच्या पंचांना जरूर सांगा. तिथे लेआउटमध्ये बागेसाठी ठेवलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली होती. भोवतीचे रहिवासी कोर्टात गेले, आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्दच ठरवलं. बागेची जागा ही भोवती राहणाऱ्यांच्या हिताची आहे आणि त्यासाठी त्यांना दाद मागता येते, हे तेव्हा स्पष्ट झालं. तुमच्या चित्रातल्या फूड कोर्टाच्या गाळ्यांकडे त्या नजरेनं बघा. गाळे भाड्यानं जाणार की बांधून कुणाला दीर्घ मुदतीवर देणार? किती चौरस फूट? हे चित्रावर लिहिलेलं नसतं. लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवस.

आता भिंत. मैदान कसं चालेल हे मैदानात ठरत नाही, त्याच्या काठावर ठरतं. संध्याकाळी एक वही घेऊन कडेनं फेरी मारा आणि मोजा, मैदानाकडे किती दारं उघडतात, किती खिडक्या, आणि किती नुसत्या पाठभिंती. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं मागाच्या घरांची बहुतेक पुढची दारं गल्लीत आहेत आणि मैदानाकडे मोरी, संडास, भंगार. म्हणजे दोन बाजूंच्या घरांनी मैदानाकडे पाठ केलेली आहे, तिसऱ्या बाजूला नाला, चौथीला शाळेची भिंत. त्यावर आणखी आठ फूट बांधली की झाली विहीर. आत काय चाललंय ते बाहेरून दिसणार नाही, बायका अंधार पडायच्या आत बाहेर पडतील, आणि महिन्याभरात कोपऱ्यात बाटल्या. मी ज्या एका बागेच्या नकाशावर सही केली तिचं नेमकं हेच झालं. भिंत मागणारे आम्हीच होतो, ढोरं येतात म्हणून. ढोरांसाठी भिंत लागत नाही, फिरकीचं फाटक पुरतं.

उलट मुंबईचं शिवाजी पार्क आठवा. 1925 मध्ये लोकांना खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं, 1927 मध्ये नाव बदललं. जवळजवळ 28 एकराचं मैदान, पण त्याची ओळख कशानं? कट्ट्यानं. बसण्याएवढा उंच काठ, मग रस्ता, आणि रस्त्यापलीकडे मैदानाकडे तोंड करून उभ्या इमारती. मैदान आणि मोहल्ला एका हातानं आखला गेला. तुमचं मैदान त्याच्या मानानं रुमालाएवढं, पण कट्टा बांधायला काय हरकत आहे? पुनर्विकासाचा पैसा खरा लावायचाच असेल तर त्या दोन बाजूंना लावा. मागच्या मोऱ्या भूमिगत गटाराला जोडा, सहा फुटांची फरसबंद पायवाट द्या, आणि घरवाल्याला सांगा, इकडे दार काढ, पायरी आम्ही बांधून देतो. दहा घरांनी दारं काढली की अकरावा चहाची टपरी टाकतो. त्या टपरीचा दिवा हाच तुमचा वॉचमन.

पायवाटेबद्दल एवढंच, इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. विजेचा खांब, डीपी, कचरापेटी ही त्यातून वजा करून. ठेकेदार खांबासकट मोजतो.

पाण्यावर मात्र जरा थांबतो, कारण चित्रात ते अजिबात नाही. दीड एकर म्हणजे सुमारे सहा हजार चौरस मीटर. आपल्याकडे आषाढात दिवसाला पन्नास मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही. हिशेब सोपा आहे, एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. पन्नासचे झाले तीन लाख लिटर. दहा हजारांचे तीस टँकर, एका दिवसात. आज त्यातलं बरंचसं माती पिते. उद्या पेव्हर आणि काँक्रीटचा ट्रॅक झाला की ते सगळं एकदम नाल्यात, तिथून बळ्ळारी नाल्याकडे, आणि शहापूर-वडगाव शिवारातलं भात दरवर्षी कसं पाण्याखाली जातं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याच गल्लीतल्या कुणाची तरी तिथे शेती असेल. मैदान सजवून आपल्याच माणसाचं भात बुडवायचं असं होऊ नये.

म्हणून मधला भाग मातीचाच राहू द्या, मुरमाचा एक थर देऊन, किंचित खोलगट. पाऊस थांबल्यावर पाच-सहा तासांत पाणी मुरायला हवं. शिवाय तुमच्या भागात काळी माती लागली तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर बसवलेले पेव्हर दोन वर्षांत वाकडे दात दिसतात. खड्डा मारून माती बघितल्याशिवाय फरशीला हो म्हणू नका. जुनी विहीर बुजवलेली असेल तर तीही शोधा. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर 1924 च्या अधिवेशनासाठी खणलेली, अजून तिथे आहे. या शहराखाली पाणी आहे, आपण त्यावर झाकण ठेवतो इतकंच. कारंज्याच्या पैशात एक विहीर उपसून होते, आणि कारंज्याची मोटर पहिल्या गणपतीपर्यंत टिकली तरी मी पेढे वाटीन.

गणपतीवरून आठवलं. तुमच्या चित्रात मांडव कुठे आहे? शिवजयंतीचे चित्ररथ कुठे बांधणार? रंगपंचमीला शहापूर कुठे जमणार? सल्लागार बाहेरचा असेल तर त्याला हे सुचणार नाही, त्यात त्याची चूक नाही, आपण सांगितलं पाहिजे. दोन गोष्टी लिहून द्या. एक, चित्ररथाची ट्रॉली आत-बाहेर जाईल असं निदान पाच मीटरचं एक फाटक, आणि त्याच्या वर कमान किंवा तार नको. दोन, मांडवाच्या खांबांसाठी जमिनीत लोखंडी नळ्या आधीच पुरून ठेवा, वर झाकण. नाहीतर दरवर्षी पोरं पहारीनं नवी फरशी फोडणार, आणि पुढे वर्षभर त्या खड्ड्यांत पाणी. या नळ्यांना येणारा खर्च किरकोळ आहे, पण काम झाल्यावर बसवायच्या म्हटल्या तर कुणी हात लावत नाही.

झाडांचं सांगायचं तर आहे ती तोडायची वेळ आली तर 1976 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती कागदावर बघा. नवीन लावताना गुलमोहर टाळा. फुलतो सुंदर, पण मुळं वरवर आणि लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात आडवा होतो. करंज, बकुळ, जांभूळ लावा, आणि बाक झाडाखाली ठेवा. दुपारी चारला सावली कुठे पडते ते बघून बाक ठेवणारा माणूस मला नोकरीत एकच भेटला, तो माळी होता.

फेरीवाल्यांचं बघा. शाळेच्या फाटकाशी बसणारी चिंच-बोरंवाली, संध्याकाळचा भजीवाला. "सुशोभीकरण" म्हटलं की पहिले हेच उठतात आणि मग फूड कोर्टात त्यांचीच भजी तिप्पट दरानं मिळतात. 2014 च्या फेरीवाला कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत त्यांना हलवता येत नाही, आणि शहर फेरीवाला समितीत निदान 40 टक्के सदस्य त्यांच्यातले असावे लागतात. त्यांची नावं तुमच्या निवेदनात घाला. त्यांच्या सह्याही घ्या.

आता जे कुणी बैठकीत बोलत नाही ते. मैदान चांगलं झालं की भोवतीची भाडी वाढतात. घरमालक खूश होईल. पण तुमच्या गल्लीत किती माग भाड्याच्या खोल्यांत चालतात? दोन माग आणि मागे संसार अशी खोली रिकामी करून तिथे दोन मजले चढवणं मालकाला सोपं आहे. विणकराला दुसरीकडे जाणं सोपं नाही, त्याला वीज जोडणी, सुताचा व्यापारी, जोडीला काम करणारी घरची माणसं सगळं जवळ लागतं. पाच वर्षांनी बाग झकास आणि मागाचा खडखडाट गायब, असा "पुनर्विकास" मला नको आहे. भाडेकरूंची यादी आजच करा. कामाच्या काळात गल्ली खणली तर माग किती दिवस बंद राहतील तेही विचारून घ्या, कारण बंद दिवसाची मजुरी कुणी देत नाही.

पॅट्रिक गेडिस म्हणून एक स्कॉटिश माणूस 1914 ला भारतात आला, पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्यानं भारतातल्या कितीतरी शहरांचे अहवाल लिहिले. जुनी वस्ती कापून सरळ रुंद रस्ते काढायची तेव्हा फॅशन होती. तो आधी गल्ल्यांतून पायी फिरायचा, अगदी पडायला आलेली चार घरं तेवढी काढायची, मोकळ्या झालेल्या जागी झाड आणि बसायला पार, बाकी वस्ती तशीच, असा त्याचा मार्ग. तंजावरला त्यानं दाखवून दिलं की याला नव्या रस्त्यांपेक्षा खर्चही कमी येतो. तुमच्या नकाशात मैदानापर्यंतचा रस्ता रुंद करायची रेघ असेल तर तिच्याखाली कुणाची ओसरी जाते ते नाव घालून लिहा. रेघेला नाव मिळालं की ती बऱ्याचदा सरकते.

निवेदन लांब नको, एक पान. वरचं सगळं लिहीत बसू नका. प्रॉपर्टी कार्डाची प्रत जोडा, दारांची मोजणी जोडा, आणि एक तक्ता: सकाळी सहा, अकरा, दुपारी चार, रात्री नऊ या वेळांना मैदानात कोण होतं, किती बायका, किती म्हातारे, किती पोरं. एक साधा दिवस, एक शनिवार, बाजाराचा. सल्लागाराकडे हा तक्ता नसतो, म्हणून तुमचं ऐकतात. मग मागण्या चारच: भिंतीऐवजी कट्टा, मध्ये माती, मांडवाच्या नळ्या आणि मोठं फाटक, आणि पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम निविदेतच. ही शेवटची विसरलात तर बाकीच्या तिन्ही वाया. माळी, झाडूवाला, दिव्याचं बिल यांची सोय नसलेली बाग मी तिसऱ्या वर्षी ओळखलेली नाही.

अर्ज कन्नडमध्ये द्या, मराठी प्रत मागे लावा. मला माहीत आहे, काहींना हे रुचणार नाही. भाषेचा हक्क वेगळ्या कागदावर मागा, मीही सही करीन. या कागदावर मैदान मागायचंय आणि तुमच्या गल्लीत विणकर दोन्ही भाषा बोलणारे आहेत. बैठकही दोन्ही भाषांत घ्या. आणि ती संध्याकाळी सातला नको, त्या वेळी बायका चुलीपाशी आणि पुरुष मागावर. दुपारी तीनला, मैदानातच, जिथे सावली असेल तिथे.

आठवडा कमी आहे असं त्यांना लेखी कळवून पंधरा दिवस मागून घ्या. कार्ड हाती आलं की त्याचा फोटो इथे टाका, हद्दीच्या खुणा मी वाचून देतो. शनिवारी मोजायला माणूस हवा असेल तर अनगोळहून यायला मला वीस मिनिटं लागतात. टेप माझा, छत्री तुमची.