वाइनमध्ये मातीची चव खरंच उतरते का?

तुमचा प्रश्न असा की, दिंडोरीकडच्याच दोन शिराज (याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) प्यायलात, एक गडद आणि तुरट, दुसरी पाणचट. मग लोक म्हणतात तशी मातीची चव वाइनमध्ये येते का?

मी ठाण्यात कोपरीला राहतो, पण मामाची द्राक्षबाग नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यात. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या, त्या भांडवलावर सांगतो. माती वाइनमध्ये येते, पण चव म्हणून नाही. मुळं दगड खात नाहीत. ती पाणी ओढतात आणि सोबत विरघळलेले क्षार, तेही इतके थोडे की जिभेला पत्ता लागत नाही. पहिल्या पावसात मातीला वास सुटतो ना, तो जिओस्मिनचा. जमिनीतले जिवाणू तो तयार करतात. तोच वास वाइनला आला तर जाणकार तिला बिघडलेली म्हणतात!

मातीचं खरं काम पाण्याच्या नळाचं. मामाचे दोन तुकडे होते, एक ओढ्याकाठचा काळा, दुसरा टेकाडावरचा मुरमाड. दोन्हींत शिराज, ज्यावर कलम बांधतात तो खुंटही डॉगरिज जातीचाच, ऑक्टोबरची गोडी (फळासाठीची) छाटणीही एकाच आठवड्यात. काळ्या रानात पाणी धरून राहतं, त्यामुळे वेल माजायची. पानंच पानं, घड सावलीत, मणी टपोरे. बघायला छान. पण रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, रस जवळपास बिनरंगीच असतो. मणी फुगला की रसाच्या मानाने साल कमी पडते. वर मुरमात पाणी थांबत नाही. वेलीला ताण बसतो, शेंडा थांबतो, मणी बारीक राहतो. माल कमी निघायचा, पण वाइनरीचा माणूस आला की आधी टेकाड चढायचा. एका वर्षी त्याने खालचा माल घ्यायला नकारच दिला. मामाने ते अजून मनात ठेवलंय.

म्हणून चिकण रान वाईटच, असं मात्र नाही. फ्रान्समध्ये बोर्दोला नदीच्या डाव्या तीरावर खडीची जमीन आहे. ती लवकर तापते, निचराही चांगला, म्हणून उशिरा पिकणारी कॅबरने सोव्हिन्यॉं तिथे साधते. उजव्या तीरावर पोमरोलच्या चिकणमातीत मर्लो बहरते, आणि तिथल्या बाटल्यांचे भाव आपण नुसते ऐकावेत. जमीन आणि जात यांचं जमलं पाहिजे.

दुसरी गोष्ट उंची. मामाकडून आणलेली काडी मी गॅलरीतल्या ड्रममध्ये लावली होती. जुलैत केवडा (पानांवरचा बुरशीरोग) आला, पानं गळली, तीन वर्षांत एक घड नाही. ठाणं समुद्रसपाटीला, दमट. थंडीतही रात्र फारशी गार होत नाही. कसारा घाट चढून गेलात की नाशिक साधारण 600 मीटरवर. जानेवारीत तिथे पारा कधीकधी दहाच्या खाली उतरतो. दिवसाच्या उन्हात मण्यात साखर भरते आणि गार रात्रीमुळे आंबटपणा टिकून राहतो. रात्री उबदार असल्या की मॅलिक आम्ल झपाट्याने जळतं, मग वाइन गोडसर आणि मिळमिळीत लागते.

आता तुमच्या दोन बाटल्या. फरक जमिनीचाच असेल असं छातीठोक सांगता येणार नाही. माल कधी तोडला, साली रसात किती दिवस ठेवल्या, लाकडी पिंपात घातली की स्टीलच्या टाकीत, यानेही तितकाच फरक पडतो. चांगला वाइनवाला प्रत्येक तुकड्याचा माल वेगळ्या टाकीत आंबवतो आणि चाखून मग ठरवतो, काय कशात मिसळायचं. सगळा माल एकाच टाकीत ओतला, तर टेकाड काय आणि ओढा काय!

मामाने पुढे ओढ्याकाठची शिराज उपटून थॉमसन लावली, खायची. त्या बाजारात टपोरा मणीच लागतो.