ड्रॅगनच्या जुन्या फिगरचे पंख लोंबकळलेत आणि अंगाला चिकटपणा आलाय. घरी दुरुस्त करता येईल का?

येईल. 2005 पासून आलेल्या मॅकफार्लेन या अमेरिकी खेळणी कंपनीच्या ड्रॅगनसारखी तुमची फिगर मऊ पीव्हीसीची असेल, तर दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात प्लॅस्टिसायझर मिसळून ते लवचिक करतात. वर्षं गेली की हे तेलकट द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं, त्यावर धूळ बसते आणि बोटांना चिकट लागतं. पंख लोंबतात ते उष्णतेने. बंद कपाटात किंवा खिडकीजवळ एप्रिल-मे काढला की पातळ पंख स्वतःच्याच वजनाने खाली येतो.

आधी धुऊन घ्या. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका आणि लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने खवल्यांच्या रेषांच्या दिशेने हलकेच घासा. पोकळ फिगर पाण्यात बुडवून ठेवू नका. आत शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर तर अजिबात नको, रंगासकट वरचा थर जाईल. स्पिरिटनेही रंग सुटू शकतो. टाल्कम पावडर लावायचा सल्ला बरेच जण देतात, पण ती खवल्यांच्या खाचांत बसते आणि काळा ड्रॅगन राखाडी दिसायला लागतो.

आता पंख. वेगळे निघत असतील तर काढा, पण थंड असताना ओढू नका, पंखाची खांद्यात बसणारी खुंटी आत तुटते. खांद्याच्या खाचेवर हेअर ड्रायर थोडा दूर धरून अर्धा-एक मिनिट फिरवा आणि हळूहळू हलवत बाहेर घ्या. पाणी उकळून गॅस बंद करा, तीन-चार मिनिटं थांबा (साधारण 75 ते 80 अंश), मग चिमट्याने धरून पंख बुडवा. पातळ पडद्याला 30 ते 40 सेकंद पुरतात, जाड मुळाला दीड मिनिट लागू शकतं. गंमत म्हणजे पीव्हीसीला साच्यातला मूळ आकार आठवतो. पुष्कळदा पंख पाण्यातच आपणहून सरळ होऊ लागतो. उरलेला बाक हाताने काढा, हवा त्यापेक्षा किंचित जास्त वर वाकवा आणि तसाच धरून बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा. इथे घाई केली की संध्याकाळपर्यंत पंख परत खाली. उकळत्या पाण्यात बुडवलं तर रंग मऊ पडून चिमट्याचे ठसे उमटतात.

खुंटी तुटलीच तर नुसत्या फेविक्विकने भागणार नाही. तो सांधा ठिसूळ असतो आणि मऊ प्लॅस्टिक हललं की सुटतो. हाताच्या बारीक ड्रिलने दोन्ही बाजूंना 1 मिमीचं भोक पाडा, पितळी तार घाला आणि मग टाचणीच्या टोकाने फेविक्विक थेंबभरच लावा. जास्त लावलं तर त्याच्या वाफेने आजूबाजूच्या रंगावर पांढरी बुरशीसारखी झाक येते.

चिकटपणा कायमचा जात नाही, काही महिन्यांनी परत धुवावं लागतं. फिगर हवाबंद पिशवीत किंवा मूळ पारदर्शक पॅकमध्ये कोंडून ठेवली की तो लवकर परततो. रबरबँडने तर बांधूच नका. तो प्लॅस्टिकवर डाग पाडतो. थर्माकोलला टेकवूनही ठेवू नका, प्लॅस्टिसायझर त्यालाही विरघळवतो.

रंग उडालेल्या जागी पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंगच वापरा. तेलाधारित एनॅमल किंवा स्प्रे मऊ पीव्हीसीवर बऱ्याचदा पूर्ण वाळतच नाही आणि चिकटपणा दुप्पट होतो. आधी पंखाच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून दोन दिवस पाहा.