संशयित सापडला, पुरावा सापडत नाही

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो आणि महाविद्यालयात शिकतो. ‘डेडलाइन’ हा १९८२ सालचा, चित्रांशिवाय केवळ मजकुरातून उलगडणारा इंग्रजी रहस्यखेळ आम्ही तीन मित्र रात्री एकत्र बसून खेळत आहोत. खून कोणी केला असावा याचा अंदाज आम्हाला आला आहे. परंतु त्या व्यक्तीला अटक केली की पुरावा अपुरा ठरतो आणि खेळ संपतो. आता सरळ उत्तरे वाचून काढावीत का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला अंदाज कदाचित बरोबरही असेल, परंतु या खेळात नुसत्या अंदाजावर भागत नाही. इन्फोकॉम या अमेरिकन कंपनीच्या या खेळात आरोपीचा हेतू, खुनाची पद्धत आणि त्याला मिळालेली संधी या तिन्ही गोष्टी पुराव्यानिशी उभ्या कराव्या लागतात. अटकेनंतर खटल्याचे काय झाले हे सांगणारा जो शेवटचा मजकूर येतो, तो वैतागून पुसून न टाकता वहीत उतरवून घ्यावा. पुढच्या डावात काय शोधायचे याचा माग बहुधा तिथेच लागतो.

पहिली चौकशी मी आपल्याकडेच करतो : मूळ खेळाच्या पाकिटातील कागदपत्रे आपण वाचली आहेत का? त्या काळच्या डिस्कवर जागा फार थोडी असल्यामुळे साक्षीदारांच्या जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल असा बराच मजकूर छापून सोबत दिला जात असे. आज अनेकांच्या हाती केवळ खेळाची फाईल येते आणि हे कागद बाजूलाच राहतात. तसे झाले असेल, तर आपण केस-डायरी न उघडता तपासाला निघालेल्या फौजदारासारखे खेळत आहात. त्या कागदांच्या प्रती मिळवाव्यात आणि मगच पुढे जावे.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते या खेळाचे खरे सामर्थ्य तिच्यातच आहे. आपल्याला सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच अवधी मिळतो, आपण टंकित केलेल्या प्रत्येक आज्ञेला साधारणपणे एक मिनिट खर्च होते, आणि जिथे खून झाला त्या बंगल्यातील माणसांचा दिवस आपल्यावाचूनही चालू राहतो : कोणाला फोन येतो, माळी बागेत राबत असतो, दुपारी मृत्युपत्राचे वाचन होते. आपण ग्रंथालयात कपाटे तपासत असताना खालच्या मजल्यावर घडलेले बोलणे आपल्याला कधीच ऐकू येणार नाही. म्हणून काही डाव जिंकण्याचा विचार बाजूला ठेवून केवळ पाहण्यासाठी खेळावेत. आपण तिघे आहात ही मोठीच सोय आहे. प्रत्येकाने आपापल्या डावात एकेका व्यक्तीचा सकाळपासून पिच्छा पुरवावा, ती कोणत्या वेळी कोठे होती हे टिपावे, आणि नंतर तिन्ही टिपणे शेजारी मांडावीत. जबानीत सांगितलेले आणि प्रत्यक्ष दिसलेले यांत जिथे फरक पडतो, तिथून पुढचा तपास सुरू करावा. खेळ सेव्ह करताना नावात घड्याळातील वेळ घातली, तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करण्याचा कंटाळाही टळेल.

घराचा नकाशा मात्र कागदावरच काढावा. सोलापुरात चादरीची नक्षी ज्या चौकटींच्या कागदावर उतरवतात, तो यासाठी उत्तम. एक खोली म्हणजे एक चौकट, आणि खोलीत सापडलेली वस्तू तिच्यातच लिहावी.

चौकशी करताना एका वेळी एकाच विषयाबद्दल विचारावे आणि सापडलेली वस्तू संबंधित व्यक्तीला दाखवून पाहावी. खेळातील आपला सहायक सार्जंट डफी याच्याकडे वस्तू प्रयोगशाळेसाठी देताना ती नेमकी कशासाठी तपासायची हेही सांगता येते. अनेक खेळाडू हे विसरतात आणि हाती आलेला पुरावा मुका राहतो.

राहिला उत्तरे वाचण्याचा प्रश्न. सगळी उत्तरे एकदम वाचू नयेत, कारण रहस्य एकदा कळले की ते पुन्हा न कळलेले करता येत नाही. थोडी मदत घेण्यात मात्र काहीही गैर नाही. इन्फोकॉमच अदृश्य शाईत छापलेल्या सूचनांच्या पुस्तिका विकत असे. विशेष पेन फिरवले की एकेक ओळ उमटे, आधी मोघम इशारा आणि शेवटी स्पष्ट उत्तर. आपणही तीच शिस्त पाळावी. आधी आपला अडलेला प्रश्न एका वाक्यात लिहावा, त्याच प्रश्नाचा पहिला इशारा पाहावा, आणि लगेच खेळाकडे परतावे.

प्रश्न : असा खेळ मराठीत, आपल्या भुईकोट किल्ल्यावर रचता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जरूर येईल. मात्र आज्ञा टंकित करण्याच्या पद्धतीत मराठी अवघड जाते, कारण ‘किल्ली’, ‘किल्लीने’, ‘किल्लीला’ ही एकाच वस्तूची रूपे आहेत हे यंत्राला आधी शिकवावे लागते. त्यामुळे आरंभ ट्वाइन या २००९ सालापासून उपलब्ध असलेल्या मोफत साधनाने करावा. त्यात वाचक दिलेल्या पर्यायांतून निवड करतो, खेळ ब्राउझरमध्ये चालतो आणि देवनागरी मजकूर नीट दिसतो. लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक पात्राचे दिवसभराचे वेळापत्रक तयार करावे, आणि आधी तीन-चार जागांपुरताच खेळ पूर्ण करून दुसऱ्याला खेळायला द्यावा.