जुना लॅपटॉप आणि मराठी टायपिंग: फुकटचं ऑफिस कोणतं घ्यावं

चार जीबी रॅमचा लॅपटॉप, मुलीचे कॉलेजचे प्रोजेक्ट, सोसायटीचा जमाखर्च आणि मराठी पत्रं, एवढ्यासाठी फुकटचं काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. लिब्रेऑफिस घ्या. दुकानदार ‘ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणतो ते चोरीचं ऑफिस मात्र कृपा करून घेऊ नका. त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्याच मशीनवर तुमचे बँकेचे व्यवहार असतात.

ओपनऑफिसचंही नाव कानावर येईल. २०१० साली त्यातूनच लिब्रेऑफिस वेगळं झालं आणि पुढच्या बहुतेक सुधारणा इकडेच झाल्या. ओपनऑफिस डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल उघडतं, पण त्यात सेव्ह करत नाही. कॉलेजला तीच लागते, त्यामुळे तो विषय मिटला. चौघीजणी मिळून एकाच वेळी लिहिणार असतील तर तेवढ्यापुरतं गूगल डॉक्स बरं.

आता मराठीचं. ‘यात मराठी नीट येत नाही’ म्हणून बरेच जण लिब्रेऑफिस काढून टाकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण अडचण बहुधा सेटिंगची असते. टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेस अँड लोकेल्स उघडा, ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर (सीटीएल, यातच देवनागरी येते) टिक करा आणि मराठी निवडा. हे सॉफ्टवेअर देवनागरीचा फाँट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा धरतं. म्हणून रायटरच्या, म्हणजे त्यातल्या पत्रं लिहायच्या भागाच्या, सीटीएल फाँटमध्ये मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी एकदा ठरवून टाका. दोन्ही मोफत आहेत.

समोरच्याकडे तोच फाँट नसेल तर ओळी सरकतात, पान वाढतं. नोटीस नुसती वाचायची असेल तर पीडीएफच पाठवा, फाँट फाइलबरोबरच जातो. दुरुस्ती करायची असेल तरच डॉकएक्स. स्वतःची मूळ प्रत ओडीटीत, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या फाइल प्रकारात ठेवा.

जमाखर्चाला लिब्रेऑफिसमधलं कॅल्क, म्हणजे एक्सेलसारखा भाग, पुरेसं आहे. फक्त ऑडिटरच्या एक्सेल फाइलमध्ये मॅक्रो (आपोआप कामं करणारे छोटे प्रोग्रॅम) असतील तर ते चालतीलच असं नाही; आधी एक फाइल मागवून उघडून बघा.

सोसायटीची जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये असतील, तर तो फाँट नसलेल्या मशीनवर कुठल्याही ऑफिसमध्ये अगम्य अक्षरंच दिसणार. ती कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत आणा आणि रफार, जोडाक्षरं, आकडे डोळ्यांखालून घाला. ठरावांच्या प्रती असतील तर मूळ फाइल पुसू नका.