घरच्या माणसासाठी कीबोर्ड बनवताय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी तोंडावर आली की गिफ्टचे प्रश्न येतातच, पण या वेळी मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्प्रिंगचा स्विच असलेला) स्वतः जोडून घरच्यांना द्यायचाय असं लिहिणारे बरेच जण निघाले आणि खरं सांगते, लई बरं वाटलं. त्यातले चार प्रश्न इथं घेतलेत.

प्रश्न : आमचे पप्पा सरकारी ऑफिसात मराठी टायपिस्ट होते, नोकरीची निम्मी वर्षं गोदरेजच्या मशीनवर गेली. आता रिटायर होऊन लॅपटॉपवर गावाकडच्या आठवणी लिहितायत, पण त्या चपट्या बटणांवर बोट बसत नाही म्हणतात. एकसष्टीला त्यांना मेकॅनिकल कीबोर्ड जोडून द्यायचाय, मराठी अक्षरांचा. आठ हजारांपर्यंत जाऊ शकते. सगळे म्हणतात ब्लू स्विच घे, टाइपरायटरसारखा आवाज येतो. घेऊ का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, अजून काही ऑर्डर करू नका. पप्पा लिहायला बसले की थोडा वेळ शेजारी बसा आणि त्यांचे हात बघा. ते बटणांकडे बघून लिहितात की स्क्रीनकडे, आणि मांडणी जुनी रेमिंग्टनची वापरतात की इनस्क्रिप्टची (कॉम्प्युटरसाठी ठरवलेली सरकारी मांडणी), एवढं कळलं की निम्मं काम झालं.

रेमिंग्टन म्हणजे मशीनवर अक्षरं जिथं होती तिथंच कॉम्प्युटरवर. पप्पा अजून त्याच मांडणीनं न बघता लिहीत असतील तर मराठी अक्षरं छापायच्या भानगडीत पडूच नका, त्यांच्या बोटांना सगळं पाठ आहे. ते पैसे कीकॅपच्या, म्हणजे बटणावरच्या टोपीच्या, आकारावर घाला. एसए प्रोफाइलच्या (प्रोफाइल म्हणजे टोपीचा घाट) कीकॅप्स मिळतात, उंच असतात, माथा वाटीसारखा खोलगट, बहुतेक सेटमध्ये प्रत्येक ओळीचा उतार वेगळा, मशीनवर शिकलेल्या बोटाला ते लगेच ओळखीचं वाटतं. उंचीमुळं बाकीच्यांचं मनगट दुखतं पण जुने टायपिस्ट मनगट टेकवतच नाहीत, हात अधांतरी ठेवायची सवय असते त्यांना, तेही बघून घ्या.

इनस्क्रिप्ट नव्यानं शिकत असतील तर मात्र अक्षरं हवीत, आणि इथं तुम्हाला स्वतःच्या हातानं करण्यासारखं खूप आहे. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, फक्त खालच्या ओळीत म, न, व डावीकडं येतात. म्हणजे कीकॅप्स दोन रंगांत घ्यायच्या, मात्रांना एक रंग आणि व्यंजनांना दुसरा, अर्धी मांडणी डोळ्यालाच समजते. शिवाय क च्या बटणावर शिफ्ट दाबलं की ख, ग वर घ, त वर थ, प वर फ, त्यामुळं या बटणांवर एकच अक्षर मोठं आणि ठळक छापलं तरी चालतं, एकसष्टीच्या डोळ्यांना तेच बरं. जिथं जोडी सरळ नाही तिथं दोन्ही छापा, म ण, स श आणि ल ळ. ळ तर विसरूच नका, आपलं पान त्याच्याशिवाय हलत नाही.

छापायचं कसं, तर मगवर फोटो छापणारे जे सब्लिमेशन करतात तेच, म्हणजे उष्णतेनं शाई आत मुरवणं, पण कीकॅप पीबीटी प्लॅस्टिकची आणि फिक्या रंगाची पाहिजे कारण ती शाई फक्त गडद करू शकते. एबीएस या दुसऱ्या प्लॅस्टिकची कीकॅप त्या उष्णतेला वाकडी होते. त्यासाठी एक्सडीए प्रोफाइल सोपं, माथा सपाट आणि सगळ्या ओळी सारख्या. आधी एका जास्तीच्या कीकॅपवर करून बघा मगच सेट हातात द्या.

आता स्विच. ब्लू घेऊ नका असं माझं मत. ब्लूचा टिक आवाज बटण अर्ध्यात असताना येतो, मशीनचा आवाज यायचा तो खिळा रुळावर आपटला की, म्हणजे अगदी शेवटी. त्यामुळं मशीनची सवय असलेल्या माणसाला तो टिक भलत्याच वेळी आल्यासारखा वाटतो. तुम्ही टॅक्टाइल घ्या, त्यात दाबताना मध्येच बोटाला उंचवटा लागतो पण टिक वाजत नाही, आणि स्प्रिंग जरा जड, साठ-पासष्ट ग्रॅमची. रेड स्विचला असा उंचवटा नसतो, तो ४५ ग्रॅमला दबतो आणि ४ मिलिमीटरच्या प्रवासात २ मिलिमीटरलाच अक्षर उमटतं, जड हाताच्या माणसानं नुसतं बोट टेकवलं तरी ररर उमटत बसेल. बोर्ड हॉट-स्वॅप घ्या, म्हणजे सोल्डरिंग नको आणि पप्पांना जड वाटलं तर स्विच उपटून दुसरे लावता येतात. ॲल्युमिनियमची केस आणि लाइटचा मोह सोडला तर आठ हजारात बसतं.

आणि एक, कीबोर्डला मराठी येत नाही, तो फक्त कुठलं बटण दाबलं ते कॉम्प्युटरला सांगतो. विंडोजमध्ये मराठी चालू केलं की इनस्क्रिप्ट मिळतं, रेमिंग्टनसाठी वेगळं टूल टाकावं लागतं. ते सगळं बसवून, एक ओळ टाइप करून मगच द्या, एकसष्टीच्या दिवशी सेटिंग शोधत बसायला नको.

प्रश्न : वहिनी घरून नाइट शिफ्ट करतात, बाळ त्याच खोलीत झोपतं. मेकॅनिकल द्यावा की नको?
– एक दीर, कदमवाडी

उत्तर : द्या की भाऊ, फक्त सायलेंट स्विचचा. त्यात बटणाबरोबर खाली-वर होणाऱ्या दांड्याला रबरासारखी छोटी गादी असते, बटण खाली आपटतानाचा आणि वर येतानाचा, दोन्ही आवाज दबतात. पण रात्री सगळ्यात जास्त खडखडतो तो स्पेसबार आणि एंटर, स्विच कितीही शांत असले तरी. त्याचं शेवटच्या उत्तरात सविस्तर लिहिलंय ते वहिनींच्या बोर्डलाही करा.

प्रश्न : भावासाठी कीबोर्ड बनवतेय. मनगटाखालची पट्टी कोल्हापुरी चपलेच्या चामड्याची करता येईल का? आणि आतली प्लेट (स्विच ज्यात बसतात तो पत्रा) उद्यमनगरात पितळेची कापून मिळेल का?
– एक बहीण, मंगळवार पेठ

उत्तर : पट्टीची कल्पना मला फार आवडली, कोल्हापूरकराला यापेक्षा घरचं दुसरं काय देणार. हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. वापरेल तसं त्याचा रंग गडद होत जातो, मनगटाच्या जागी तर आधी. चप्पल लाईनला एखाद्या कारागिराकडं जाऊन वरच्या पट्ट्याचं पातळ चामडं मागा, तळाचं जाड नको, ते लाकडाच्या कडेला वळत नाही. खाली सागाची पट्टी, नंबर पॅड नसलेल्या कीबोर्डला साधारण छत्तीस सेंटिमीटर लांब, आणि उंची कीबोर्डच्या पुढच्या कडेएवढीच, साधारण १८ ते २० मिलिमीटर येते पण फूटपट्टी लावून मोजा. उंच झाली तर मनगट उलटं वाकतं.

चपलेला लावतात तसं तेल याला चोपडू नका, ते बोटांवरून कीकॅप्सवर जातं. कच्च्या रंगाचं चामडं घामानं रंग सोडतं म्हणून देण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसून बघा, फडकं रंगलं तर कारागिराला सांगून रंग पक्का करून घ्या. आपल्याकडच्या पावसात कपाटात कोंडून ठेवलं की बुरशी येते, भावाला सांगा बाहेरच असू दे.

प्लेट कापून मिळेल, पण ड्रॉइंग बरोबर पाहिजे. प्रत्येक स्विचचं भोक १४ बाय १४ मिलिमीटर, एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य १९.०५ मिलिमीटर, पत्रा दीड मिलिमीटर. स्विचच्या बाजूची खुंटी त्या जाडीसाठीच बनवलेली असते, दोनचा पत्रा घेतला तर ती अडकतच नाही. पितळ लेझरचा उजेड परावर्तित करतं, फायबर लेझर असलेल्यांकडंच विचारा, नाहीतर स्टीलवर भागवा. स्क्रूची भोकं तुमच्या केसवरूनच मापा.

प्रश्न : नवऱ्यासाठी बोर्ड जोडतेय. शिलाई मशीनचं तेल स्विचमध्ये घातलं तर चालेल का? स्पेसबार फार खडखडतोय, आणि दोन बटणं दाबली तरी काही उमटतच नाही.
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : शिलाई मशीनचं तेल अजिबात नको ताई. ते पातळ असतं, ओघळत धातूच्या पात्यांवर आणि खाली बोर्डावर जातं. स्विचसाठी घट्ट ग्रीस मिळतं, क्रायटॉक्स २०५जी० नावाचं बरेच जण वापरतात, छोट्या ब्रशनं दांडा जिथं घासतो तेवढ्याच जागी पातळ हात फिरवायचा. टॅक्टाइल स्विच असेल तर दांड्याच्या पायांना लावू नका, तिथला उंचवटाच बोटाला लागत नाही मग.

स्पेसबारचं दुखणं बहुतेक वेळा तारेत असतं. त्याच्याखाली स्टॅबिलायझर असतो, वाकवलेली एक तार आणि दोन टोकांना प्लॅस्टिकचे तुकडे. ती तार काढा आणि आरशावर किंवा टेबलाच्या काचेवर सपाट ठेवा, एका टोकाला बोटानं टिचकी मारा. दुसरं टोक वर उचललं म्हणजे तार पिळलेली आहे, पकडीनं अगदी थोडी थोडी वाकवत परत काचेवर ठेवून बघायची, डुलायची थांबेपर्यंत. मग तार प्लॅस्टिकमध्ये जिथं जाते तिथं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरपूर लावा, इथं हात राखायची गरज नाही. एवढ्यानं खडखड जाते, मग एंटर, बॅकस्पेस आणि डावा-उजवा शिफ्ट यांचंही हेच करा.

दाबूनही न उमटणारी बटणं म्हणजे शंभरात नव्वद वेळा पिन वाकलेली. स्विच काढा, उलटा करून बघा, तांब्याची एक पिन सरळ असेल आणि दुसरी आडवी पडली असेल. चिमट्यानं सरळ करा आणि परत बसवताना बोर्ड टेबलावर ठेवून वरून नुसतं दाबू नका, एक हात खालून सॉकेटच्या (पिन घुसते त्या खोबणीच्या) मागं धरा नाहीतर जोरानं सॉकेटच उखडतं. सगळं झालं की कीबोर्ड टेस्टर (दाबलेलं बटण स्क्रीनवर दाखवणारं पान) उघडून एकूण एक बटण दाबून बघा, त्यानंतरच कागदात गुंडाळा.