पोपड्याची मागची बाजू

प्रश्न : माझी जुनी फायबरची मोटरबोट आहे. इंजिन बाहेर काढून त्याचा कप्पा घासून, रंगवून देण्याचं काम एका वर्कशॉपला दिलं. चार महिन्यांत पोपडे सुटले आणि पंपाच्या जाळीत अडकून बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पाणी साचलं. बोट परत नेली तर म्हणतात, "जुन्या फायबरमध्ये तेल मुरलंय, आमचा दोष नाही." बिलावर 'जुन्या बोटीला गॅरंटी नाही' असा शिक्का आहे. उरलेले पैसे आणि जागाभाडं भरेपर्यंत बोट सोडत नाहीत. पैसे भरून बोट आणावी आणि सगळा रंग खरवडून दुसऱ्याकडून काम करून घ्यावं का?

उत्तर : खरवडू मात्र नका. तुमचा सगळा पुरावा त्या पोपड्यांवर आहे आणि तोच तुम्ही कचऱ्यात टाकायला निघाला आहात.

मी वकील, रंगारी नव्हे. पण एका उलटतपासणीत हे शिकलो, की पोपडा उलटा करून बघायचा. मागे तेलकट थर किंवा धूळ असेल, तर तेल नीट न काढताच रंग चढवला. (तेल आधी काढायचं आणि मग घासायचं, उलट केलं की घासताना तेल आणखी आत जातं.) वरचा कोट प्रायमरवरून स्वच्छ सुटला असेल, तर दोन कोटांमधलं अंतर चुकलं किंवा इपॉक्सीवर (प्रायमरमधल्या राळेवर) येणारा मेणचट थर धुतलाच नाही. आणि पोपड्यासोबत जेलकोट (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) किंवा काचेचे धागे उपटून आले असतील, तर खालचं फायबरच कमकुवत आहे. मग वर्कशॉपच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं, हे आधीच मान्य करून ठेवा.

तेल मुरलेलं होतं, हा बचाव मला लंगडा वाटतो. इंजिनाच्या कप्प्यात तेल असणारच, ते काढण्याचेच तर पैसे घेतले. जागा रंग धरण्याजोगी नव्हती, तर ते रंगवण्याआधी सांगायला हवं होतं. काम सुरू करताना दिलेलं अंदाजपत्रक शोधा. त्यात 'तेल काढणे, घासणे, प्रायमर' असं लिहिलेलं असेल, तर काम झाल्यावर हाती आलेल्या बिलावरच्या शिक्क्याला फारशी किंमत नाही. करार आधी होतो, शिक्का मागून पडला.

आता बोट अडवण्याचं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 नुसार वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करणाऱ्याला मेहनतान्यापोटी ती रोखून धरता येते, पण काम ठरल्याप्रमाणे झालेलं असेल तर. इथे वाद नेमका त्यावरच आहे. तरी तो लढत बसाल तर बोट तिथेच पडून राहील. म्हणून आधी लेखी पत्राने संयुक्त पाहणीची तारीख मागा. स्वतंत्र सर्व्हेअर न्या, फोटो काढा, पोपडे पाकिटात घालून दोघांच्या सह्या घ्या. ते आले नाहीत तर तसं नोंदवून पाहणी उरका. मग उरलेली रक्कम 'हरकत राखून' असं लिहून भरा आणि बोट आणा. फोटो काढलेला फोन विकू नका. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडताना तो लागेल.

जागाभाडं वेगळं. तसं कुठे ठरलं नसेल, तर स्वतःच्या पैशांसाठी वस्तू अडवणाऱ्याने ती सांभाळण्याचं भाडं मागायचं, हे पटत नाही. 1860 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सोम्स खटल्यात हेच म्हटलं. तिथेही वस्तू जहाजच होती. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण नोटिशीत जरूर घालू.

दुरुस्तीचा आणि रंगाचा खर्च ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली, सेवेतील त्रुटी म्हणून मागता येईल. मुदत दावा उद्भवल्यापासून दोन वर्षं. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही चालते. सर्व्हेअरला इंजिनाखालच्या लांब आधारपट्ट्या ठोकून बघायला सांगा. आतलं लाकूड कुजलेलं निघालं तर तो खर्च या दाव्यात घुसडू नका, नाहीतर खरा दावाही पातळ होईल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत : बोट भाड्याने देता का? व्यावसायिक वापर असेल तर 'ग्राहक' ठरणं अवघड. स्वतः चालवून त्यावरच पोट भरत असाल तर अपवाद मिळतो. ते कळवा, मग नोटीस कुठल्या रोखाने लिहायची ते ठरवू.